गळतंय म्हणून आवळू नका: जुन्या स्पोर्ट्स कारचे पेट्रोल-जोड

२०२५ मध्ये देशभरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं आणि जुनी गाडी बाळगणाऱ्या मंडळींना गप्पांसाठी कायमचा विषय मिळाला. पाइप गळतोय. बोनेट उघडलं की वास येतोय. रात्री गॅरेजमध्ये ठेवलेल्या गाडीखाली सकाळी डाग दिसतोय. कोल्हापुरात या तक्रारीला एक वेगळीच चव आहे. इथल्याच उसाची मळी डिस्टिलरीत जाते, तिचं इथेनॉल होऊन पंपावर येतं आणि १९६० च्या दशकातल्या एखाद्या एमजीची, म्हणजे इंग्लिश स्पोर्ट्स गाडीची, रबरी नळी कुरतडतं. ऊसही आपला, नळीही आपली, भांडायचं कुणाशी?

पण सगळं पाप इथेनॉलच्या माथी मारून चालणार नाही. कार्बोरेटरपाशी होणारी बरीचशी गळती नळीतून होतच नाही, ती जोडातून होते. जोड सैल राहतो तेव्हा तो गळतो हे खरं, पण नको तितका आवळल्यामुळे कामातून गेलेले जोड मला त्याहून जास्त दिसतात. गळतंय म्हटलं की आपला हात पान्याकडे जातो, आणि खरी गडबड तिथून सुरू होते.

## टाकीपासून जेटपर्यंत

कार्बोरेटरचं काम हवेत पेट्रोलचा फवारा मिसळून इंजिनाला देणं. आजच्या गाड्यांत हे काम इंजेक्टर करतो, संगणकाच्या हिशोबानं. जुन्या गाडीत हिशोब असतो तो सुईचा, जेट नावाच्या बारीक भोकाचा आणि तरंगणाऱ्या गोळ्याचा. टाकीतलं पेट्रोल पंप खेचतो, धातूच्या पाइपातून पुढे ढकलतो, आणि इंजिनाजवळ आल्यावर ते एका छोट्या वाटीत पडतं. ही फ्लोटची, म्हणजे त्या तरंगणाऱ्या गोळ्याची, वाटी. वाटी भरली की फ्लोट वर उचलला जातो आणि झाकणातली सुई भोकात बसवून पेट्रोल बंद करतो. घराच्या गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो, तोच हा प्रकार.

इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांवर बहुतेक वेळा एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर शेजारी-शेजारी असतात. एसयू म्हणजे स्किनर युनियन. स्किनर घराणं मूळचं बूट-चपलांच्या धंद्यातलं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरात पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता. कोल्हापुरात हे सांगितलं की ऐकणारा हमखास स्वतःच्या पायाकडे बघतो.

या सगळ्या व्यवस्थेत दाब किती असतो? एसयू पंपाचा दाब साधारण अडीच ते तीन पीएसआय. गाडीच्या टायरमध्ये तीसच्या आसपास असतो. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल ४५ ते ६० पीएसआयनं धावतं. म्हणजे कार्बोरेटरच्या जोडाला अडवायचं आहे ते टायरच्या दहाव्या हिश्श्याइतकं. एवढ्याशा दाबाला थोपवायला पान्यावर उभं राहावं लागत असेल, तर ताकद कमी पडत नाहीये. दुसरंच काहीतरी चुकतंय.

## पेट्रोल अडवतं कोण?

प्रेशर कुकर डोळ्यांपुढे आणा. वाफ अडवते ती झाकणातली रबरी रिंग. हँडल आणि दांडा यांचं काम फक्त झाकण रिंगवर दाबून धरण्याचं. रिंग चिरली असेल तर हँडल कितीही दाबा, वाफ बाजूनं फुसफुसणारच.

कार्बोरेटरच्या जोडात आटे म्हणजे ते हँडल. आट्यांमधून पेट्रोल आरामात वर चढतं, कारण नट आणि बोल्टच्या आट्यांत थोडी जागा सोडलेलीच असते. पेट्रोल अडतं ते दुसऱ्या एका ठिकाणी, जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट बसतात. ते ठिकाण कोणतं, हे ओळखता आलं की दुरुस्तीचं निम्मं डोकं तिथेच मोकळं होतं.

जुन्या गाडीत ही ठिकाणं साधारण चार तऱ्हांची असतात. पहिली बँजो. यात पाइपाच्या टोकाला एक कडं असतं आणि त्यातून एक पोकळ बोल्ट जातो. पेट्रोल कड्यात येतं, बोल्टच्या आडव्या भोकातून आत शिरतं आणि बोल्टच्या पोटातून झाकणात उतरतं. कड्याच्या वर एक वायसर, खाली एक वायसर. गळती हे दोन वायसर अडवतात. १९५५ ते १९६२ मध्ये निघालेल्या एमजीएच्या एसयूंवर हीच तऱ्हा होती. दुसरी तऱ्हा फ्लेअरची: पाइपाचं तोंड कर्ण्यासारखं पसरवायचं आणि नटानं ते समोरच्या सुळक्यावर दाबायचं. तिसरी ऑलिव्हची: पाइपावर पितळेची एक लहान कडी असते, नट आवळला की ती पाइपात किंचित रुतते. चौथी सगळ्यांत सोपी, साध्या नळकांड्यावर रबरी नळी चढवायची आणि वरून क्लिप. १९६२ साली आलेल्या एमजीबीनं कार्बोरेटरच्या झाकणापाशी हीच घेतली. एकाच कंपनीनं सात वर्षांत बँजो सोडून नळी-क्लिप धरली, यातच बँजोविषयी कारखान्याचं मत काय झालं असेल ते दिसतं. मला स्वतःला बँजो आवडतो. नीट बसवला तर वर्षानुवर्षं हलत नाही, आणि दिसायलाही देखणा.

## आधी गळतंय कुठून ते बघा

इंजिन गार असताना सुरुवात करा. जोड कोरडा पुसून त्याभोवती टिश्यू पेपरचा तुकडा गुंडाळा आणि इंजिन न लावता फक्त चावी फिरवा. एसयूचा विजेवर चालणारा पंप टिक टिक टिक करायला लागतो, वाट्या भरल्या की टिकटिक मंदावते आणि थांबते. ही टिकटिक म्हणजे फुकटातलं मीटर आहे. वाट्या भरल्यावरही पंप मधून मधून वाजत राहिला तर पेट्रोल कुठूनतरी जातंय. थांबायचं नावच न घेता भराभर वाजत राहिला, तर बहुधा टाकीतच पेट्रोल नाही किंवा पंपाच्या खेचायच्या बाजूनं हवा शिरतेय. खेचायच्या बाजूचा जोड बाहेर थेंबभर पेट्रोल सांडत नाही, उलट हवा आत ओढतो. गाडी चढाला खोकते, मालक कार्बोरेटर उघडून बसतो, आणि गुन्हेगार असतो मागच्या चाकाजवळचा एखादा नट.

आता टिश्यू बघा. वरच्या वायसरपाशी ओला झाला की खालच्या, हे नीट पाहा, कारण पेट्रोल ओघळतं आणि भलत्याच जागी टपकतं. टिश्यू कोरडा आणि तरी खाली डाग असेल, तर वाटीच्या ओव्हरफ्लोच्या बारीक नळीकडे बघा. तिथून पेट्रोल येत असेल तर जोडाचा काही दोष नाही. सुईखाली कचरा अडकलाय, सुई झिजलीय, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडालाय. अशा वेळी बँजो आवळत बसणं म्हणजे ताप एकाला आणि औषध दुसऱ्याला.

## वायसर वाचता येतो

बँजोचा बोल्ट सोडवताना दोन पाने घ्या: एकानं कडं किंवा खालचा भाग धरायचा, दुसऱ्यानं बोल्ट फिरवायचा. झाकण ओतीव, नरम धातूचं असतं. एकाच पान्यानं झटका दिला की पाइप पिळला जातो किंवा झाकणाला तडा जातो. जुन्या काही एसयूंत बोल्टखाली जाळीची एक टोपी आणि बारीक स्प्रिंग निघते. ती कोणत्या क्रमानं निघाली याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, जाळी धुऊन परत बसवा. "काय उपयोग नाही तिचा" म्हणून फेकणारे फेकतात आणि पुढच्या महिन्यात सुईखाली कचरा सापडतो.

निघालेला जुना वायसर लगेच कचऱ्यात टाकू नका. उजेडात धरा, जमलं तर घड्याळजीचं भिंग लावा. त्यावर कड्याच्या दाबाची एक गोल रेघ उमटलेली असते. रेघ पूर्ण गोल, एकसारख्या रुंदीची असेल तर पृष्ठभाग ठीक आहेत, वायसर फक्त म्हातारा झालाय. एका बाजूला ठळक आणि समोरच्या बाजूला पुसट असेल, तर कडं वाकडं बसत होतं. पाइप ओढून ताणून जोडला होता. रेघ एखाद्या जागी तुटलेली असेल, तर त्याच जागी कड्यावर ओरखडा सापडणार. कुणीतरी कधीतरी तिथे स्क्रूड्रायव्हर घालून वायसर खरवडून काढलेला असतो. तेवढ्या ओरखड्यातून तीन पीएसआयचं पेट्रोल निवांत बाहेर येतं, आणि कितीही आवळलं तरी येत राहतं.

ओरखडा बारीक असेल तर तो घासून काढता येतो. सपाट काचेचा जाड तुकडा घ्यायचा, त्यावर ४०० नंबरचा पाणीपेपर पालथा न घालता नीट चिकटवायचा, दोन थेंब तेल, आणि कडं त्यावर हलक्या हातानं इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचं. दर थोड्या वेळानं पुसून बघा. सगळीकडे एकसारखी मंद चकाकी आली की थांबा. जोर लावला तर एक बाजू उतरते आणि नवीनच दुखणं होतं. मग पेट्रोलनं स्वच्छ धुवा, आडव्या भोकातूनही, कारण तिथे राहिलेला एक कण पुढे सुईखाली जाऊन बसतो.

नवा वायसर कोणता घालायचा? मूळचे बहुतेक फायबरचे असतात. ते एकदाच वापरायचे. पेट्रोल पिऊन ते थोडे फुगतात आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की सुकून आक्रसतात. लग्नाला आणि रॅलीला तेवढी बाहेर पडणारी गाडी नेमकी त्याच दिवशी का गळते, याचं उत्तर बऱ्याचदा इतकंच असतं. तांब्याचा वायसर चालतो, पण तो मऊ हवा. एकदा दाबलेला तांब्याचा वायसर कडक असतो, दुकानातून आणलेलाही कडक असू शकतो. त्याला अंधुक लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकलं की तो मऊ होतो. पोलादाचं उलट असतं, म्हणून नवख्याला हे पटत नाही. गुजरीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, कुठल्याही कारागिराला विचारा. धातूला ताव देणं हे त्याचं रोजचं काम आहे. आतल्या कडेला रबर असलेले डाउटी वायसरही मिळतात, पण ते रबर विटॉनचं, म्हणजे इथेनॉलला टिकणारं, आहे याची खात्री करूनच घ्या.

आवळायचं किती? हातानं बसेपर्यंत, मग आखूड पान्यानं वायसर दबल्याचं जाणवेपर्यंत. त्यापुढे जोर करायचा नाही.

"मेस्त्री, अजून जरा आवळा की."

"आवळतो की मालक. पर आटं गेलं तर झाकण घिऊन उद्यमनगरात तुमीच जायचं."

आणि खरंच गेलेच, तर तेही जगबुडी नाही. झाकणात मोठा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून आत हेलिकॉइल, म्हणजे तारेचे तयार आटे, बसवता येतात. "पण त्यातून गळणार नाही का?" नाही, कारण गळती आट्यांनी अडवायचीच नव्हती. झाकणाचा वरचा पृष्ठभाग सपाट आणि बोल्टशी काटकोनात राहिला पाहिजे, एवढंच लेथवाल्याला बजावून सांगा.

## पाव इंच म्हणजे तेरा मिलिमीटर कसे?

जुन्या इंग्लिश गाडीचा बोल्ट हरवला की माणूस उद्यमनगर, म्हणजे कोल्हापूरची लेथ-कारखान्यांची वसाहत, पालथं घालतो. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथे हरतऱ्हेचे आटे पाडणारे लेथ आहेत, तरीही चुकीचा बोल्ट बसवला जातो, आणि त्यामागे एक साधा गोंधळ आहे.

इंग्लिश पाइप-आट्यांना बीएसपी म्हणतात. पाव इंची बीएसपी असं म्हटलं की आपण दोन सूत, म्हणजे सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास काहीतरी शोधतो. प्रत्यक्षात त्या आट्यांचा बाहेरचा व्यास १३.१६ मिलिमीटर असतो. कारण मापाचं नाव आट्यांवरून पडलेलं नाही. लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकावरून पडलंय. भोक पाव इंच, त्याभोवती पाइपाची जाडी, आणि तिच्यावर आटे. इंचाला १९.

खरा घात लहान मापात होतो. एक सूत, म्हणजे अष्टमांश इंची बीएसपीचा व्यास ९.७३ मिलिमीटर, इंचाला २८ आटे. आपल्याकडे मिळणारा दहा मिलिमीटरचा, एक मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) मेट्रिक बोल्ट म्हणजे इंचाला २५.४ आटे. डोळ्यांना दोन्ही सारखे. मेट्रिक बोल्ट त्या भोकात दोन-तीन फेऱ्या जातो, मग अडतो, आणि "जरा घट्ट आहे" म्हणून पाना लावला की झाकणाचे नरम आटे सोलून निघतात. शिवाय बीएसपीच्या आट्यांचा कोन ५५ अंश आणि मेट्रिकचा ६०. म्हणून बोल्ट हातानं शेवटपर्यंत जायलाच हवा. नाही गेला तर पिच गेज लावा. पत्त्यांच्या पानांसारखा उघडणारा तो छोटा गेज कुठल्याही टूल्सच्या दुकानात मिळतो, आणि हजारोंचं झाकण वाचवतो.

नवा बोल्ट लेथवर करून घ्यायचा असेल तर जुना बोल्ट सोबत न्या, तोंडी माप सांगू नका. पितळेच्या हेक्स बारमधून तो छान निघतो. काम हातात आल्यावर एकच गोष्ट तपासा: आडवं भोक जिथे उभ्या भोकाला मिळतं, तिथे आत कंगोरा राहिलाय का. काडेपेटीची काडी घालून फिरवली की बोटाला कळतं. तो पितळेचा कंगोरा कधी ना कधी सुटतो आणि सुईपाशी जातो.

फ्लेअरच्या जोडातही असाच जुळ्यांचा घोळ आहे. फ्रीज-एसीवाल्यांकडचं फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचं असतं. हायड्रॉलिकच्या होज बनवणाऱ्यांची जेआयसी फिटिंगं ३७ अंशांची. एकाचा कर्णा दुसऱ्याच्या सुळक्यावर ठेवला तर तो पूर्ण टेकत नाही, बारीक रेघेवर टेकतो; आज थांबतं आणि पहिल्या खड्ड्यातून गाडी गेली की परत पाझरतं. समोरच्या फिटिंगचा कोन आधी पाहा, मग पाइप कुणाकडे न्यायचा ते ठरवा. आणि कर्णा काढण्याआधी नट पाइपात ओवला का, हे दोनदा बघा.

## "नळाला लावतात ती टेफलॉन टेप गुंडाळली तर?"

हा प्रश्न नेहमीचा आहे आणि वरवर बिनतोड वाटतो. प्लंबर टेप लावतो तेव्हा पाणी थांबतंच ना? थांबतं, कारण नळाच्या पाइपाचे आटे निमुळते असतात. आत जाईल तसे ते एकमेकांत पाचरीसारखे अडकतात, तिथे खरोखर आटेच गळती अडवतात आणि टेप त्यांना मदत करते. कार्बोरेटरवरचे बहुतेक आटे सरळ असतात. त्यांच्यावर टेपचे चार वेढे मारले तरी वायसरखालून येणारं पेट्रोल येतंच, वर टेपचे धागे सुटून सुईच्या भोकात जातात. मग वाटी वाहायला लागते. मूळ गळती थेंबाथेंबानं होती, आता धार लागते.

एम-सीलसारखं पुट्टीचं काहीतरी थापणं याहून वाईट. उद्या जोड उघडायचा म्हटलं तर छिन्नी लागते. आणि जुन्या मेस्त्र्यांची लाख लावायची पद्धत होती, ती त्या काळी ठीक होती. आज नाही. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटमध्ये विरघळवतात हे आपण पाहिलेलं आहे. इथेनॉल म्हणजे तेच स्पिरिट. लाख लावलेला जोड आजच्या पेट्रोलमध्ये हळूहळू उघडा पडतो.

## "मग नुसती नळी बदलू, जोडाला हात कशाला?"

नळी तर बदलाच. जुन्या नायट्राइल रबरात इथेनॉल शिरलं की ते फुगतं, त्यातला मऊपणा निघून जातो, आणि गाडी उभी राहून सुकली की बारीक चिरा पडतात. नळी चिमटीत वाकवून बघा. बाहेरच्या वळणावर केसासारख्या रेघा दिसल्या तर तिचं आयुष्य संपलं. वरून स्टीलच्या तारांचं विणकाम असलेल्या नळ्या सगळ्यांत फसव्या. बाहेरून चकचकीत, आतलं रबर कुजलेलं, आणि तारांमुळे चीर दिसतच नाही. अशा नळीचं वय माहीत नसेल तर ती खराब आहे असंच धरून चाला.

नवी घेताना नळीवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं बघा. तिच्या आतल्या थराला फ्लोरोरबर, म्हणजे बोलीभाषेत विटॉन, वापरतात. ते इथेनॉलला दाद देत नाही. मूळच्यासारखी दिसायला हवी असेल तर वरून कापडी विणीचं आवरण चढवता येतं; आत काय आहे ते महत्त्वाचं. पाव इंची नळकांड्यावर सहा मिलिमीटरची नळी थोड्या कष्टानं चढते आणि घट्ट बसते. आठची सहज चढते, म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. घेऊ नका. जास्तीची जागा क्लिप दाबून भरत नसते, रबराला फक्त सुरकुती पडते, आणि सुरकुतीखालून वाट होते.

क्लिपचंही तसंच. जाळीदार पट्टीची नेहमीची क्लिप बारीक नळीवर फार आवळली की तिच्या खाचांतून रबर बाहेर येतं आणि कापलं जातं. अखंड पट्टीच्या, कडा वळवलेल्या क्लिपा इंजेक्शनच्या गाड्यांसाठी मिळतात, त्या घ्या. आणि नळी ज्यावर चढते त्या धातूच्या टोकाला थोडी फुगीर कड हवी. सपाट कापलेल्या पाइपावरून नळी कंपनानं सरकते.

धातूच्या पाइपाबद्दल एकच: तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून सगळ्यांना मोह होतो, पण इंजिनाच्या हादऱ्यानं तो कडक होत जातो आणि जोडाच्या तोंडाशी चिरतो. दहा टक्के निकेल असलेला तांब्याचा पाइप, कुनिफर, जास्त टिकतो आणि तितकाच सहज वळतो.

जोडाला हात लावावा लागतो तो पाण्यामुळे. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. पावसाळ्यात आपल्याकडची हवा कशी असते ते सांगायला नको. उभ्या गाडीच्या वाटीत हे पाणी जमलं की जस्त आणि ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांवर पांढरी भुकटी धरते, वायसर बसतो त्या पृष्ठभागावरही. नवी नळी लावून त्या भुकटीवरच नवा वायसर बसवला तर नळीचे पैसे वाया. जाता जाता: पेट्रोल नीट जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणून गळती थांबल्यावरही गाडी खोकत असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतंय; एसयूच्या जेटचा नट थोडा खाली घ्यावा लागेल. ते वेगळं काम.

## "जोरदार पंप बसवला तर निदान खोकणं तरी थांबेल?"

थांबणार नाही, आणि गळती वाढेल. बाजारात मिळणारे काही इलेक्ट्रिक पंप सहा-सात पीएसआय देतात. एसयूची सुई तेवढ्या दाबाला भोक बंद ठेवू शकत नाही, वाटी भरून वाहते. असा पंप आधीच बसलेला असेल तर पुढे दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा, नाहीतर पंप काढा.

## "इतके भाग बदलले तर गाडी व्हिंटेज राहते का?"

पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी केंद्र सरकारनं २०२१ मध्ये वेगळे नोंदणी नियम आणले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुनर्नोंदणीला ५ हजार, आणि गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला काढायची नाही. गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार नसावेत, अशी त्यात अट आहे. नळी, वायसर, क्लिप हे झिजणारे भाग आहेत, ते कारखान्यातून निघालेल्या गाडीतही बदलावेच लागायचे. कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवणं मात्र फेरफारात मोडेल.

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक, ही जुनी जर्मन गाडी, येते तेव्हा गर्दी बॉडीकडे बघते. तेवढं जुनं वाहन जागेवरून हलतं, याचा अर्थ आतल्या वायसर-पॅकिंगना कुणीतरी वेळच्या वेळी नवं करत असणार. जुन्या गाडीचा जुनेपणा रबरात नसतो.

## हात लावण्याआधी, आणि नंतर

पेट्रोलची वाफ उणे ४३ अंश सेल्सिअसलाही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असते. गाडीखाली उतरायचा खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये ती खड्ड्यात साठते आणि वर उभ्या माणसाला वासही येत नाही. म्हणून हे काम खड्ड्यावर नको, उघड्यावर करा. आधी बॅटरीची टर्मिनल काढा. पिवळा बल्ब लोंबकळणारा हँडलॅम्प नको, एलईडी टॉर्च घ्या. सांडलेलं पेट्रोल प्लास्टिकच्या वाटीत धरू नका, धातूच्या भांड्यात धरा. शेजारी पावडरचं अग्निशामक ठेवा; पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पसरते. टाकी किंवा पाइप गाडीवर असताना डाग द्यायला कुणी ब्लोलॅम्प घेऊन आला, तर त्याला आधी चहा पाजून परत पाठवा.

काम झाल्यावर बॅटरी जोडा, नवे टिश्यू गुंडाळा आणि चावी फिरवा. टिकटिक थांबली पाहिजे आणि थांबलेली राहिली पाहिजे. मग इंजिन लावून पुरतं गरम होऊ द्या, बंद करा, आणि दहा मिनिटांनी परत बघा. इंजिन बंद झाल्यावरच बोनेटखालचं तापमान सगळ्यांत चढतं, वायसर सैल असेल तर तेव्हा कळतं. फायबरचे वायसर पहिल्या गरम-गारनंतर किंचित दबतात, म्हणून गार झाल्यावर आखूड पान्यानं एकदा हात लावून बघायला हरकत नाही. फक्त हात लावून. पहिली फेरी रंकाळ्याभोवती एक वळसा एवढीच ठेवा, तिथेच बोनेट उघडून टिश्यू तपासा, आणि तो कोरडा निघाला तरच पन्हाळ्याचा चढ धरा.